हौशी अन्वेषक आणि संशयास्पद मृत्यू : 'फास्टर फेणे'च्या निमित्ताने

१

मराठी बालकुमार वाङ्मयातील जे थोडे नायक पुस्तकांतून बाहेर पडून नित्याच्या बोलण्यात स्थिरावले, त्यांत भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या बनेश फेणेची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. फुरसुंगीचा रहिवासी, पुण्याच्या विद्याभवनाचा विद्यार्थी, अंगाने किडकिडीत, सायकलीवर सदैव स्वार आणि जीभ टाळ्याला लावून 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा हा मुलगा वीस पुस्तकांच्या मालिकेतून वावरला. १९८०च्या दशकात सुमीत राघवन यांनी तो दूरदर्शनच्या पडद्यावर उभा केला. पुढे २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि क्षितिज पटवर्धन यांनी लिहिलेल्या 'फास्टर फेणे' या चित्रपटात अमेय वाघ यांच्या रूपाने त्याने पुन्हा जन्म घेतला.

या पुनर्जन्मात बनेशचे वय वाढले, शाळा सुटली, गणवेश गेला. हे बदल वरवरचे आहेत. मूलगामी बदल हा की, त्याच्या वाट्याला आलेल्या रहस्याच्या केंद्रस्थानी आता एक मृतदेह आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेल्या बनेशची धनेश लांजेकर नावाच्या दुसऱ्या परीक्षार्थीशी ओझरती ओळख होते. हा धनेश लवकरच मृतावस्थेत सापडतो आणि त्याने आत्महत्या केली असे पोलीस ठरवितात. बनेशला ते पटत नाही. येथून चित्रपटाचे कथानक सुरू होते.

भागवतांच्या मूळ पुस्तकांत असे सहसा घडत नाही. 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे' ही शीर्षके नुसती वाचली तरी त्या सृष्टीची जात कळते. चोरी, पळवापळवी, घातपाताचे बेत, निसर्गाचे थैमान, सीमेवरील धामधूम हे तिचे विषय होत. संशयास्पद मृत्यूची उकल हे तिचे नेहमीचे क्षेत्र नव्हे. म्हणून प्रश्न उपस्थित होतो तो असा : मुलांच्या साहसकथेतून आलेला हौशी शोधक जेव्हा एखाद्या मृत्यूपाशी येऊन थांबतो, तेव्हा त्याच्या हौसेचे काय होते? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. चित्रपटाच्या यशापयशाची चर्चा येथे आनुषंगिक आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे, कारण मराठीत या प्रकारच्या नायकाला नेमके नाव नाही. 'गुप्तहेर' हा रूढ शब्द राजसत्तेच्या परंपरेतून आला आहे. हेर हा मुळात राजाचा सेवक. तो वेष पालटून परमुलखात जातो आणि बातमी आणून आपल्या धन्याला देतो. शिवकालातील बहिर्जी नाईक यांचे नाव मराठी मनात ज्या आदराने घेतले जाते, त्या आदरात हा अर्थ मुरलेला आहे. हेराची निष्ठा धन्याशी असते. सत्याशी ती असलीच तर ओघाने असते. इंग्रजी अमदानीत गुन्हेशोधनाची नवी कथा आली तेव्हा मराठीने हा जुना अंगरखा तिच्या नायकाला चढविला. तो त्याच्या अंगाला कधी नीट बसला नाही. भागवतांनी आपल्या एका पुस्तकाला 'फास्टर फेणे डिटेक्टिव्ह' हे नाव देताना परका शब्द तसाच ठेवला, त्याचे कारण कदाचित यातच सापडेल.

बंगालीने ही अडचण अधिक जाणतेपणाने हाताळली. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश बक्षी १९३२ पासून वाचकांसमोर आला. त्याला डिटेक्टिव्ह आणि गोयेंदा हे दोन्ही शब्द मानवत नाहीत. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवितो. या एका शब्दाने शोधकाचे नाते राजसत्तेपासून तोडून ज्ञानव्यवहाराशी जोडले. मराठीत असे नामकरण झाले नाही. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि दोन-तीन पिढ्यांना वाचनाची चटक लावली. त्यांचे झुंजार किंवा काळा पहाड हे नायक सत्य शोधतात त्याहून अधिक न्याय करतात. कायद्याच्या कडेकडेने वावरणारे हे वीर आहेत, आणि त्यांच्या कथांत मृत्यू मुबलक आहेत. पण मेलेल्या माणसाविषयी थांबून विचार करण्यास त्या कथांच्या वेगात सवड नाही. या वेगाला हिणविण्याचे कारण नाही. रात्रीत पुस्तक संपविणाऱ्या वाचकाशी लेखकाने केलेला तो प्रामाणिक करार होता.

उरतो 'हौशी' हा शब्द. हा मात्र अस्सल मराठी आहे आणि त्याला प्रतिष्ठाही आहे. हौशी रंगभूमी म्हटले की दिवसभर कचेरीत काम करून रात्री तालमीला येणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. हौसेत निर्लोभता आहे. हौशी माणूस पैशासाठी काही करीत नाही, म्हणून त्याच्या हेतूवर संशय घेता येत नाही. पण हौस म्हणजे आवड, आणि आवडीत आनंद गृहीत असतो. डोंगर चढण्याची हौस असावी, कोडी सोडविण्याची असावी. कुणाच्या मरणाची उकल करण्याची हौस असणे मात्र मराठी कानाला सहन होत नाही. हरवलेल्या मौल्यवान वस्तूचा शोध आणि गेलेल्या माणसाच्या मरणाचा शोध या दोहोंना एकच विशेषण लावता येत नाही, हे भाषेला ठाऊक आहे. कथाप्रकाराला ते नेहमीच ठाऊक असते असे नाही.

३

बालकुमारांसाठी रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी हा पेच बहुधा मृत्यूला दाराबाहेर ठेवून सोडविला आहे. एरिख केस्टनर यांच्या १९२९ मधील प्रसिद्ध जर्मन कादंबरीतील एमिलचे आगगाडीत पैसे चोरीला जातात. बर्लिनमधील मुलांची फौज चोराचा पाठलाग करते ती त्या पैशांसाठी. गुन्हा मुलांच्या आवाक्यातला आहे, नुकसान भरून निघण्याजोगे आहे आणि म्हणूनच पाठलागातला आनंद निर्दोष आहे. भागवतांची सृष्टी या कुळातली आहे. तिच्यात धोका खरा असतो, पण शेवटी जे हरवले ते परत मिळते. परत मिळणे ही या प्रकाराची मूलभूत अट म्हणता येईल.

सत्यजित राय यांची फेलुदा-मालिका या अटीच्या सीमारेषेवर उभी आहे. १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकातून फेलुदा अवतरला. त्याच्या कथा सांगतो तो त्याचा किशोरवयीन चुलतभाऊ तोपशे. राय यांना आपला वाचक कोण आहे याचे भान अखेरपर्यंत होते आणि त्यामुळे गुन्ह्याच्या कित्येक प्रकारांना त्यांनी मज्जाव केला. तथापि मृत्यूला त्यांनी सरसकट बंदी केली नाही. वेरूळच्या परिसरात घडणाऱ्या 'कैलासे केलेंकारी' या कथेत भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातील यक्षीच्या मस्तकाची चोरी हा मुख्य धागा आहे, आणि त्या धाग्याच्या आजूबाजूला माणसे मरतात. 'जय बाबा फेलुनाथ' मध्ये काशीतील वृद्ध मूर्तिकार शशिबाबू यांचा बळी जातो. तो प्रसंग वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही, कारण शशिबाबूंनी कुणाचे काही बिघडविलेले नसते. त्यांचे मरण हा कथेच्या कोड्याचा भाग नव्हे, तो कोड्याला लागलेला कलंक आहे. अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे फेलुदा मराठी घरांत आला, तेव्हा फास्टर फेणेवर वाढलेल्या वाचकाला हा फरक जाणवल्यावाचून राहिला नसेल.

प्रौढांच्या गुन्हेकथेचा आरंभ मात्र मृत्यूपासून झाला, आणि हौशी माणसापासून झाला. एडगर ॲलन पो यांचा द्युपँ हा पोलिसांचा नोकर नव्हे. १८४१ मध्ये तो प्रथम प्रकट झाला तेव्हापासून तो बुद्धीच्या विलासासाठी शोध घेतो. या विलासाची कसोटी लगेच लागली. न्यूयॉर्कमध्ये १८४१ साली मेरी रॉजर्स या तरुणीचा मृतदेह हडसन नदीत सापडला. पो यांनी ते प्रकरण पॅरिसमध्ये नेऊन बसविले, तरुणीचे नाव मारी रोझे केले, आणि केवळ वृत्तपत्रांतील मजकुराच्या आधारे द्युपँकडून त्याची उकल करविण्याचा घाट घातला. कथा क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच प्रत्यक्ष प्रकरणात नवी माहिती पुढे आली, आणि १८४५ च्या पुस्तकासाठी पो यांना आपल्या मजकुरात फेरफार करावे लागले. त्या फेरफारांची चर्चा अभ्यासकांनी तर्काच्या अंगाने पुष्कळ केली आहे. पण अडचण तर्कापुरती नव्हती. द्युपँने त्या मुलीला कधी पाहिले नव्हते. तिचे मरण त्याच्यापर्यंत छापील कागदांच्या रूपाने आले. ती कोण होती हे ठाऊक नसताना ती कशी मेली हे सांगण्याचा तो खटाटोप होता.

४

२०१७ च्या चित्रपटातील बनेशची स्थिती याच्या अगदी उलट आहे. त्याच्याजवळ प्रारंभी एकही पुरावा नाही. आहे ती फक्त ओळख, आणि तीही ओझरती. दोन परीक्षार्थी भेटतात, थोडे बोलतात, वेगळे होतात. या भेटीच्या बळावर तो एका सरकारी निष्कर्षाला हरकत घेतो. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे बळ अगदीच तोकडे आहे. तथापि चित्रपटाचा नैतिक डोलारा त्यावर उभा आहे, आणि तो डळमळत नाही. याचे कारण समजून घेण्यासाठी साहित्याच्या बाहेर, थोडे कायद्याच्या प्रांतात जावे लागेल.

अनैसर्गिक मरणाची खबर पोलीस ठाण्यात आली म्हणजे 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते. हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांस चांगला परिचित आहे. त्यानंतर पोलीस अधिकारी घटनास्थळी जाऊन पंचनामा करतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमात या चौकशीची रीत सांगितली होती. १९७३ च्या संहितेत ती त्याच क्रमांकाने कायम राहिली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमात ती आली आहे. या कलमातील दोन गोष्टी साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, अधिकाऱ्याने शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष चौकशी करून मृत्यूचे 'दिसणारे' कारण नमूद करावयाचे असते. कायदा येथे सत्य कारणाचा दावा करीत नाही. दुसरी गोष्ट अशी की, अहवालावर अधिकाऱ्याबरोबर त्या रहिवाशांनीही सही करावयाची असते. पण त्यांपैकी ज्यांना तो मान्य असेल त्यांनीच. म्हणजे न पटणाऱ्या पंचाची जागा कायद्याने मोकळी ठेवली आहे. ती बहुधा मोकळीच राहते, हा भाग वेगळा. मराठीत पंचनाम्याविषयी बोलताना उपहासाचा सूर सहज लागतो, याची मुळे त्या अनुभवात आहेत.

बनेश फेणे हा पटलेला नसताना सही करण्यास नकार देणारा पंच आहे. त्याला कुणी बोलावलेले नाही आणि तो शेजारचा प्रतिष्ठित रहिवासीही नाही. परगावाहून आलेला, परीक्षेच्या चिंतेत असलेला एक पोरगा, एवढीच त्याची पत्रिका. तरीही मृत्यूचे दिसणारे कारण आणि खरे कारण यांतील अंतर ज्याला जाणवते असा तो एकटा माणूस आहे. या अंतराची जाणीव हाच त्याचा अधिकार. हौशी शोधक आणि व्यावसायिक पोलीस यांतील भेद बुद्धीच्या मापाने सांगण्याची पद्धत शेरलॉक होम्सपासून रुळली आहे. त्या पद्धतीत पोलीस मंदबुद्धी ठरतो आणि वाचकाचे मनोरंजन होते. येथे भेद बुद्धीचा नाही. पोलिसांसमोर एक प्रकरण आहे, बनेशसमोर एक माणूस होता.

भारतीय साहित्यात या स्थितीचे एक जुने आणि फार तेजस्वी उदाहरण आहे. 'मृच्छकटिका'च्या आठव्या अंकात शकार वसंतसेनेचा गळा आवळतो आणि ती मेली असे समजून तिला पाचोळ्याने झाकतो. नवव्या अंकात तोच न्यायसभेत जाऊन चारुदत्तावर खुनाचा आरोप ठेवतो. न्यायाधीश दुष्ट नाही. त्याच्या शेजारी श्रेष्ठी आणि कायस्थ बसले आहेत, तेही सज्जन आहेत. परंतु दिसणारी प्रत्येक गोष्ट चारुदत्ताच्या विरुद्ध जाते. उद्यानात श्वापदांनी खाल्लेल्या कुणा स्त्रीच्या देहाचे अवशेष सापडतात. विदूषकाच्या काखेतून दागिने गळून पडतात. सर्व काही रीतसर होते आणि निर्णय चुकतो. तो उलटतो तो एका भिक्षूमुळे. हा भिक्षू पूर्वाश्रमीचा अंग रगडणारा संवाहक. वसंतसेनेने त्याचे जुगारातील देणे फेडून त्याला सोडविलेले असते. पाचोळ्याखाली तिला ओळखणारा आणि शुद्धीवर आणणारा तोच. न्यायसभेला जे दिसले नाही ते त्याला दिसले, कारण त्याची त्या स्त्रीशी ओळख होती. देवलांच्या संगीत नाटकामुळे ही कथा मराठी प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली आहे. शूद्रकाला मात्र एक सवलत होती, जी आधुनिक कथेला नाही : त्याची वसंतसेना जिवंत होती. धनेश परत येणार नाही. भागवतांच्या सृष्टीतील 'जे हरवले ते परत मिळते' ही अट येथे मोडते, आणि त्याबरोबर बनेशचे बालपणही संपते. नटाचे वय वाढविल्याने जे साधले नसते ते या एका मोडलेल्या अटीने साधले आहे.

५

चित्रपटातील गुन्ह्याचे स्वरूप प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहाराचे आहे आणि त्याच्या मुळाशी अप्पा हा खलपुरुष आहे. गिरीश कुलकर्णी यांनी ही भूमिका विलक्षण थंडपणे केली आहे. 'अप्पा' हे मराठी घरातले वडीलधाऱ्याचे नाव. ज्याच्यापुढे पाय धुऊन आलेल्या पोराने वाकून नमस्कार करावा, त्याचे हे संबोधन. ते खलनायकाला देण्यात लेखकाने मोठे मर्म साधले आहे. तरुणांच्या भवितव्याचा बाजार मांडणारा मनुष्य परका नसतो. तो घरातल्याच भाषेत बोलतो, आणि म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची ती कुणाकडे, हे सुचत नाही.

या विषयाची निवड काल्पनिक म्हणून बाजूला सारता येणार नाही. मध्य प्रदेशातील व्यावसायिक परीक्षा मंडळाचा, म्हणजे 'व्यापम'चा गैरव्यवहार २०१३ मध्ये उघड झाला. त्याच्याशी संबंधित व्यक्तींच्या मृत्यूंविषयी शंका उपस्थित झाल्या आणि जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्या न्यायालयाने ६३४ विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरविले. हा चित्रपट त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला. प्रवेशपरीक्षा हा आता एका शहराचा विषय उरलेला नाही. राजस्थानातील कोटा, मराठवाड्यातील लातूर, छत्तीसगढातील भिलाई या परस्परांहून सर्वस्वी भिन्न गावांना शिकवणीवर्गांनी एकच रूप दिले आहे. भिलाईचे उदाहरण तर बोलके आहे. १९५९ साली जेथे पोलादाची पहिली भट्टी पेटली आणि देशभरातून कामकरी कुटुंबे आली, तेथे त्या कुटुंबांतील पुढच्या पिढ्यांची उमेद कारखान्याच्या फाटकावरून शिकवणीच्या फाटकाकडे वळली. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांतील अभ्यासिकांत बसलेला परीक्षार्थी याच मोठ्या स्थलांतराचा भाग आहे. फुरसुंगीचा मुलगा पूर्वी पुण्यात शिकायला येई. आता तो परीक्षा द्यायला येतो. दोहोंत मोठे अंतर आहे.

आता मुख्य मुद्दा. 'परीक्षेमुळे आत्महत्या' हे कारण चटकन पटते, आणि ते पटते म्हणूनच गुन्हेगाराच्या उपयोगी पडते. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होत्या, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. असा समाज एखादा परीक्षार्थी मेल्याचे ऐकतो तेव्हा तो 'का' असे विचारीतच नाही. उत्तर आधीच तयार असते. अभिजात गुन्हेकथेत खुनी आपण दुसरीकडे होतो असे सिद्ध करून सुटू पाहतो. येथे त्याला तेवढे कष्टही नकोत. समाजाची सवय त्याची साक्षीदार होते. मराठी रहस्यकथेला अनोळखी असलेली ही कल्पना आहे आणि तिचे श्रेय चित्रपटाच्या लेखनाला दिले पाहिजे.

परंतु येथेच एक गंभीर आक्षेप निघतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. आत्महत्या म्हणून नोंदलेला मृत्यू हा खून होता, असे कथेच्या शेवटी सिद्ध झाले की प्रेक्षक एक प्रकारे सुटकेचा श्वास टाकतो. मृताची अप्रतिष्ठा टळली, असा त्या सुटकेचा अर्थ असतो. याचा व्यत्यास विचारात घेतला तर तो असह्य आहे. जे विद्यार्थी खरोखरच आपला जीव घेतात त्यांच्या मृत्यूत काही अप्रतिष्ठा आहे, आणि त्यांच्यासाठी कोणा बनेशने सायकल काढण्याचे कारण नाही, असे त्यातून सूचित होते. खुनी सापडला की दोष एका माणसाच्या माथी बसतो. परीक्षा, शिकवणीवर्ग, घरच्यांच्या अपेक्षा आणि मोजक्या जागा ही सारी यंत्रणा मोकळी सुटते. तेरा हजार मृत्यूंमागे कुणी अप्पा नसतो. गुन्हेकथेची ही अंगभूत मर्यादा आहे. तिला गुन्हेगार लागतो आणि तो एकवचनी लागतो. चित्रपट या मर्यादेशी झगडत नाही. तसे करण्याची संधी मात्र त्याच्याजवळ होती. बनेश स्वतः परीक्षार्थी आहे, म्हणजे धनेशवर जो दाब होता तो त्याच्यावरही असणार. हा दाब कथानकाच्या वेगात हळूहळू नाहीसा होतो. पाठलाग सुरू झाला की नायकाला परीक्षेची आठवण राहत नाही. प्रेक्षकालाही राहत नाही, आणि हे काही चांगले लक्षण नव्हे.

तरीही तुलना करता बनेशची बाजू व्योमकेशहून एका बाबतीत वरचढ ठरते. सत्यान्वेषी सत्यासाठी सत्य शोधतो. ज्याच्या मरणाचे सत्य शोधावयाचे तो त्याच्या दृष्टीने प्रसंग असतो. बनेशचे सत्य कुणाचे तरी आहे. त्यामुळे त्याचा शोध हौसेपासून दूर सरकतो आणि श्राद्धाच्या जवळ येतो. श्राद्ध हा शब्द येथे त्याच्या मूळ अर्थाने, श्रद्धेने केलेले कर्म या अर्थाने घ्यावयाचा आहे. मृताचा वारस नसलेल्याने ते करावे ही गोष्ट परंपरेला सर्वस्वी अपरिचित नाही. ज्यांचे नाव-गोत्र ठाऊक नाही अशांनाही पाणी सोडण्याची चाल आहेच.

६

चित्रपटात स्वतः भा. रा. भागवत हे एक पात्र आहेत. पुण्यात बनेश ज्यांच्याकडे उतरतो ते वृद्ध लेखक तेच, आणि दिलीप प्रभावळकर यांनी त्यांना साकारले आहे. निर्मात्याने निर्मितीच्या घरात राहावे ही योजना केवळ आदरांजली म्हणून स्वीकारली तरी गोड आहे. पण तिच्यात आणखी काही आहे. १९४२ च्या आंदोलनासाठी आकाशवाणीची नोकरी सोडणारा, पुढे 'बालमित्र' मासिक चालविणारा, ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती देणारा हा लेखक, त्याच्या साहसकथेमागे एक नागरिक उभा होता. मुलांनी बेधडक असावे असे त्याला वाटे ते केवळ गंमत म्हणून नव्हे. चित्रपटातील बनेश जेव्हा पोलिसांच्या निष्कर्षापुढे मान तुकवीत नाही, तेव्हा तो या वारशाशी इमान राखतो. वार्ताहर असलेली त्याची मैत्रीण अबोली (पर्ण पेठे) हिची साथही याच कारणाने उचित आहे; न पटलेल्या पंचाला आपले म्हणणे नोंदविण्यासाठी कुठेतरी कागद हवा असतो.

याच मंडळीत भूभू आहे. रस्त्यावर वाढलेला हा लहान पोरगा (शुभम मोरे) बनेशचा मदतनीस होतो. शेरलॉक होम्सने १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत लंडनची रस्त्यावरची पोरे हाताशी धरली होती, तेव्हापासून असा मदतनीस या प्रकारात रूढ आहे. पोरांना कुणी हटकीत नाही, ती कुठेही शिरतात, असा त्यामागचा हिशेब. भूभूच्या वाट्याला विनोद आला आहे आणि तो प्रेक्षकाला आवडतो. त्याला नाव दिले आहे ते कुत्र्याच्या भुंकण्याचे. त्याला घर नाही, शाळा नाही, प्रवेशपरीक्षेचा तर प्रश्नच नाही. त्याच्यासारखा मुलगा एखाद्या सकाळी पुलाखाली मेलेला आढळला, तर अकस्मात मृत्यूच्या नोंदीत नावाच्या रकान्यात 'बेवारस' असे लिहिले जाईल, दोन पंच येतील, सह्या करतील आणि आपापल्या कामाला जातील. धनेशला निदान एक परीक्षार्थी ओळखत होता. रहस्यकथेने या दुसऱ्या मुलाला शोधकाच्या खिशातील किल्लीसारखे वापरले आहे, होम्सच्या काळी आणि आजही. त्याच्या मरणासाठी कुणी सायकल काढल्याची कथा मराठी बालकुमार वाङ्मयात अद्याप लिहिली जावयाची आहे.